झॉम्बी गेममधली रेसिपी शोधायची कशी आणि ती खरंच चालते का हे तपासायचं कसं

आधी एक गोष्ट. "सगळ्या क्राफ्टिंग रेसिपी (म्हणजे गेममध्ये कुठली वस्तू कशापासून बनते त्याची कृती) एकाच व्हिडिओत" असं काही दिसलं की आधी तारीख बघा, मग गेमची व्हर्जन बघा, आणि दोन्ही लिहिलेलं नसेल तर सरळ पुढे जा. सेव्हन डेज टू डायमध्ये 2023 ला अल्फा 21 ही व्हर्जन आली तेव्हा रिकाम्या बरण्याच काढून टाकल्या होत्या, पाण्यासाठी दव गोळा करणारं यंत्र आलं, आणि रेसिपी उघडायची पद्धत मासिकं वाचण्यावर गेली. तरी नंतर कितीतरी दिवस लोक "बरणी भरा, उकळा" असं छातीठोकपणे सांगत होते. सांगणाऱ्याचं काय जातं, तहानेनं मरणार तुम्ही.

गेम बसवा, मॉड (इतरांनी बनवलेले फेरफार) सगळे बंद करा, व्हर्जन नंबर कुठेतरी लिहून ठेवा.

आता रेसिपी शोधायची. माझं ठाम मत आहे की गेमची स्वतःची फाइल उघडावी, बाकी सगळं ऐकीव. सेव्हन डेज टू डायच्या डेटा फोल्डरमध्ये कॉन्फिग आहे, त्यात रेसिपीज नावाची एक्सएमएल फाइल, साध्या नोटपॅडमध्ये उघडते. वस्तूचं नाव शोधा, खाली साहित्य आणि आकडे मिळतात. वरच्या ओळीत क्राफ्ट एरिया असं दिसलं तर ती वस्तू हातात बनत नाही, त्या ओळीत लिहिलेली भट्टी, वर्कबेंच किंवा शेकोटी जे काय असेल ते लागतं, आणि टॅग्जमध्ये लर्नेबल असेल तर आधी शिकावी लागते. कुठून शिकायची ते त्याच फोल्डरमधल्या प्रोग्रेशन फाइलीत.

प्रोजेक्ट झॉम्बॉइड या दुसऱ्या गेममध्ये मीडिया फोल्डर, त्यात स्क्रिप्ट्स. बिल्ड 41 या व्हर्जनमध्ये कीप लिहिलेली वस्तू खर्च होत नाही, तिरकी रेघ म्हणजे यापैकी काहीही एक चालेल, आणि नीड टू बी लर्न असेल तर मासिक किंवा योग्य पेशा पाहिजे. बिल्ड 42 (डिसेंबर 2024 मध्ये अनस्टेबल, म्हणजे चाचणीतली व्हर्जन म्हणून आलं) मध्ये लिहायची पद्धत बदललीये, त्यामुळे 41 ची यादी 42 ला लावू नका. आणि हो, डक्ट टेपपुढचा आकडा म्हणजे रोल नव्हे, रोलमधले वापर. मी भाल्याला सुरी बांधायला दोन रोल शोधत अख्खी वस्ती पालथी घातली होती, खिशात एक पडलेला असताना.

इथपर्यंत कुणालाही जमतं. घोळ होतो तो तपासताना.

बहुतेक जण झॉम्बॉइडमध्ये काय करतात, डीबग मोड (चाचणीसाठीचा मोड) चालू करतात, मेनूतून हवं ते सगळं सामान आयतं ओततात, अमर होतात, बिल्ड चीट लावतात, वस्तू बनली की "चालतंय" म्हणून मोकळे. हे तपासणं नाहीच. बिल्ड चीट चालू असेल तर सामान नसतानाही बांधकाम होतं, मग तुम्ही तपासलं काय? ओतलेला टेप पूर्ण भरलेला असतो, ओतलेली सुरी कोरी करकरीत. खऱ्या खेळात अर्धा संपलेला टेप आणि बोथट सुरी मिळते.

मी स्वतः यात आपटलोय. जनरेटरचा सगळा प्लॅन डीबगमध्ये करून बघितला, ठेवला, जोडला, पेट्रोल घातलं, चालू, सगळं झकास. मग खऱ्या खेळात लाकूडतोड्याचं पात्र घेतलं, फ्रीजभर अन्न जमवलं, वीज गेली, तो अवजड जनरेटर दोन्ही हातांत धरून रडतखडत घरापर्यंत आणला, आणि जोडताच येईना! कारण तपासताना माझं पात्र इलेक्ट्रिशियन होतं, त्याला जनरेटरचं आधीच कळतं, बाकीच्यांना मासिक वाचावं लागतं. मासिक कुठे आहे माहीत नाही, सगळं अन्न सडलं. रेसिपीत चूक नव्हती, माझ्या तपासण्यात होती.

तेव्हापासून असं करतो. आधी सेव्ह फोल्डरची कॉपी (हे विसरलात तर रडत येऊ नका). स्टीमच्या लाँच ऑप्शनमध्ये हायफन लावून डीबग लिहायचं, पण चीट एकही नाही. नवीन सँडबॉक्स (आपल्या सेटिंगचा खेळ), झॉम्बींची संख्या शून्य, वीज पहिल्या दिवसापासून बंद. अमर होण्यापेक्षा झॉम्बीच काढून टाकलेले बरे, भूक थकवा वजन तरी खरं राहतं. पात्र बेरोजगार, एकही स्किल नाही, कुठलंही ट्रेट (स्वभावगुण) नाही. निरक्षर तर अजिबात घेऊ नका, त्याला मासिक वाचता येत नाही आणि तुम्ही रेसिपीला शिव्या घालत बसाल.

मग फक्त फाइलीत लिहिलेलं सामान ओता, तेवढंच, एकही जास्त नाही. जनरेटरचं असेल तर आधी मासिक न वाचता जोडून बघा, जमायला नको. मग वाचा, परत जोडा. आधी नकार आणि मग होकार, दोन्ही मिळाले तरच अट कळली. साहित्याचंही तसंच, एक वस्तू कमी ठेवून बघायचं, मग पर्यायी वस्तू घालून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की काय कशामुळे झालं ते देवाला ठाऊक. जनरेटर मात्र घराबाहेरच ठेवा, आत चालवला तर धुरानं पात्र मरतं.

सेव्हन डेजमध्ये एफ 1 दाबून कन्सोलमध्ये सीएम टाइप केलं की क्रिएटिव्ह मेनू मिळतो, तत्त्व तेच. फक्त मासिकं एकदम ढीगभर वाचू नका, एकेक वाचा, कितव्या मासिकाला काय उघडलं ते लिहा.

शेवटी एकदा झॉम्बी चालू करून, अर्धा वापरलेला टेप, झिजलेली सुरी घेऊन तीच वस्तू बनवा. वस्तू बनायला किती वेळ जातो आणि तेवढ्यात दार टिकतं का, ते इथेच कळतं. अपडेट आलं की वहीतल्या रेसिपींवर काट मारून परत फाइल उघडायची.