किल्ली दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये? या चुका टाळा

‘मेसेजच्या एन्क्रिप्शनची, म्हणजे डिजिटल कुलपाची, एक जादा चावी सरकारकडं असली तर बिघडलं कुठं ओ? चोर तरी सापडतील!’ सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कॉम्प्युटरची कामं करताना हे नेहमी ऐकतो. म्हणणाऱ्या मालकांचं डिजिटल सहीचं टोकन (सहीची किल्ली असलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा) मात्र कर सल्लागाराकडे पडून असतं, वर पिनची चिठ्ठी चिकटवून.

पहिली चूक हीच. टॉवेलच्या एका कारखान्यात भागीदारांचं फाटलं. दोघांची टोकनं सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये. एक दिवस धाकट्या भागीदाराच्या सहीने असा फॉर्म दाखल झाला, जो त्याने पाहिलाही नव्हता. तपासली तर सही अस्सल! मशीनला किल्ली कळते, ती कुणाच्या हातात होती ते कळत नाही. ‘मी केली नाही’ हे सिद्ध करत तो बिचारा फिरत बसला. सल्लागार बेइमान नव्हता हो, पण ड्रॉवर सगळ्या स्टाफला उघडा. टोकन आपल्या तिजोरीत ठेवा. सहीसाठी जायचा कंटाळा येतो? येऊ दे.

आता तो ड्रॉवर देशाएवढा करा. ग्रीसमध्ये २००४-०५ साली व्होडाफोनच्या एक्स्चेंजमधली कायदेशीर टॅपिंगची यंत्रणा कुणीतरी गुपचूप वापरली आणि पंतप्रधान करामनलिस यांच्यासह १०० हून जास्त फोन ऐकले. अमेरिकेने १९९३ मध्ये फोनवरचं बोलणं कुलूपबंद करणारी क्लिपर चिप आणली, किल्लीची प्रत सरकारकडे. पुढच्याच वर्षी संगणक-सुरक्षेचे संशोधक मॅट ब्लेझ यांनी सरकारला चुकवून तीच चिप कशी वापरता येते ते दाखवलं. म्हणजे हुशार चोर सुटणार, अडकणार आपण.

‘आपल्याकडं कायदाच नाही’ म्हणू नका. आयटी कायद्याचं कलम ६९ वाचा: सरकारी आदेश आल्यावर कुलूपबंद माहिती उलगडायला मदत केली नाही तर ७ वर्षांपर्यंत कैद. २०२१ च्या नियमांत तर मेसेज मुळात कुणी पाठवला ते शोधून देण्याची अट आहे. त्यावर व्हॉट्सॲपने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं, एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही निघालो.

‘माझ्याकडं लपवण्यासारखं काय?’ चादरीचे भाव आणि बँकेचे तपशील शेजारच्या कारखान्याला देता का?

शेवटची चूक: व्हॉट्सॲपच्या बॅकअपला एन्क्रिप्शन आपोआप लागत नाही, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. त्यात ६४ अंकी किल्लीचा पर्याय घेतला की किल्ली मिळते, ती मी कागदावर लिहून कपाटात ठेवतो. घाईतली पोरं तिचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवतात आणि फोन हरवला की माझ्याकडे येतात. तेव्हा मी काही करू शकत नाही, व्हॉट्सॲपही नाही.