नाल्यातले दगड गोळा करताना चाकूच्या रेघेवर लगेच विश्वास ठेवू नका

थैली, पाणी, जुने बूट हे काही सांगायला नको. हातोडी घरी ठेवा. जो तो व्हिडिओत दगड फोडून दाखवतो, पण आमच्या यवतमाळकडच्या नाल्यात फोडायचं कामच नाही, पुरानं फोडून धुऊन निवडून ठेवलेलं असतं, आपण फक्त वाकायचं.

परवानगीचं मात्र आधी बघा. 1927 च्या भारतीय वन कायद्यात जंगलातले दगड आणि खनिजंही वनोपजात धरलीत, म्हणजे राखीव जंगलातून गोटा खिशात घालणं हा गुन्हा होऊ शकतो. रेंज ऑफिसात लेखी विचारा, नाही मिळाली तर आत फक्त फोटो काढा. आणि तोच नाला खाली शेतातून जातो ना, तिथं शेतकऱ्याला विचारून शोधा. पाणी जंगलातलेच गोटे बाहेर आणून टाकतं, मंग आत घुसायचं काहून? डोहाजवळ शेंदूर लावलेले सातीआसरांचे गोटे दिसले तर त्यांना हात लावू नका.

दिवाळीनंतर जा. वळणाच्या आतल्या अंगाला जिथं रेती-गोटे साचतात तिथं बसा. दगड उलटवताना पलीकडची कड धरून आपल्याकडं उचला, खाली विंचू असला तर त्याची वाट पलीकडं मोकळी राहते.

आता खरी अडचण, ओळखायचं कसं. आपला काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर अकीक (अ‍ॅगेट), गार (क्वार्ट्झ), कॅल्साइट, झिओलाइट अशी कायकाय खनिजं भरली. पाण्यात सगळेच पांढरे गोटे चमकतात अन् घरी येऊन वाळले की सगळेच सारखे मळकट. म्हणून दगड आधी वाळवा, मग पोलादी चाकूनं ओढा. इथंच मी लय दिवस फसलो. चाकू ओढला, रेघ उठली, म्हणजे दगड मऊ, फेकून दे, असं करत मी चांगले अकीक परत नाल्यात टाकलेत भाऊ! ती रेघ दगडावरची नव्हतीच, चाकूचंच लोखंड घासून दगडाला लागलं होतं. ओल्या अंगठ्यानं पुसा. रेघ गेली तर दगड चाकूपेक्षा कडक, गार किंवा अकीक असू शकतो. नख अडकेल अशी खाच राहिली तर मऊ. मऊ निघाला की खाचेतल्या भुकटीवर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट नाहीतर काळ्या मातीतली चुनखडी. बुडबुडे नाहीत आणि मोत्यासारखी झाक आहे, तर झिओलाइटपैकी स्टिल्बाइट असू शकतो, पण असे मऊ तुकडे नाल्यात घासून संपतात, फार आशा ठेवू नका.

अन् हे सगळं पुरात ताज्या तुटलेल्या बाजूवरच करायचं. अकिकावर चुनखडीचं साल चढलेलं असलं की लिंबू त्या सालावर फसफसतं आणि आपण आतला माल सोडून देतो.

कडक निघाला की पातळ कड उन्हात डोळ्यासमोर धरा. मधासारखा उजेड आरपार आला तर अकीक. कडक आहे, लाल आहे, उजेड मात्र येत नाही, तर बहुतेक जास्पर. अकीक बाहेरून खड्ड्याखड्ड्यांचा, कुजक्या बटाट्यासारखा असतो, नवीन माणूस हमखास त्यालाच ओलांडून जातो.

धुवायला साधं पाणी आणि जुना टूथब्रश. संडास साफ करायचं अ‍ॅसिड वापरा म्हणणाऱ्याचं ऐकून मी कॅल्साइटचा एक छान खडा रात्रभर बुडवला होता, सकाळी त्याच्या कडा चोखलेल्या खडीसाखरेसारख्या गोल झालेल्या.

प्रत्येक गोट्यासोबत कागदावर नाला, गाव, तारीख लिहून टाका. पेन्सिलीनं लिहा, पेनची शाई ओल्या थैलीत पसरते.