जखमी टर्की परत कळपात सोडताना

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं छोटं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, आहे. नाताळाला टर्कीला मागणी असते, म्हणून मे महिन्यात बारा पिल्लं आणली आणि गावठी कोंबड्यांतच वाढवली. लहानपणी ही सोबत बरी पडली. टर्कीचं पिल्लू बावळट, दाणा समोर असून उपाशी राहतं. कोंबडीच्या पिल्लांचं बघून टिपायला शिकलं. तेवढ्यावर मी खूश होतो.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुमारास नर पिसारा फुलवून गुरगुरू लागले. त्यात पाऊस, म्हणजे सगळी दिवसभर खुराड्यात कोंडलेली. एकाने दुसऱ्याची चोचीवरची लोंबती सोंड धरून ओढली आणि रक्त आलं. रक्त दिसलं की कोंबड्याही टोचायला धावतात, तेव्हा जखमीला बाहेर काढलं ते बरोबरच केलं. जेन्शन व्हायोलेट लावलं. त्याने जखमेचा लाल रंगही झाकला जातो.

घोडचूक पुढे केली. बारा दिवस त्याला मागच्या पडवीत ठेवलं. तिथून त्याला कळप दिसत नव्हता, कळपाला तो. जखम भरली तशी एका सकाळी, दाणा घालायच्या वेळीच, एकट्याला आत सोडला. आपलाच आहे, ओळखतील, असं धरून चाललो होतो. चारही नर एकदम तुटून पडले, पाठोपाठ गावठी कोंबडाही नख्या काढून उडाला. मी घमेलं टाकून मध्ये पडेपर्यंत त्याचा एक डोळा गेला होता.

बारा दिवसांत त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. परत आलेला त्यांच्या लेखी परका, आणि तोही कुठे उभं राहायचं हे न कळलेला. म्हणून जखमीला वेगळं ठेवा, पण जाळीपलीकडे, सगळ्यांच्या नजरेसमोर. परत सोडताना अंधार पडल्यावर दांडीवर नेऊन बसवा, एकटा नको, सोबत एखादी शांत मादी द्या, आणि पहाटे उजाडायच्या आत तिथे हजर राहा. दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, मध्ये माडाच्या चुडतांचे (झावळ्यांचे) आडोसे उभे करा, म्हणजे पळणाऱ्याला लपता येतं. त्याहून सोपं म्हणजे मार खाणाऱ्याऐवजी मारकुट्यालाच आठवडाभर बाहेर काढा. परत येतो तेव्हा त्याचा तोरा उतरलेला असतो.

शेजारचे एक जाणते काका म्हणाले होते, "भांडून भांडून गप्प होतात रे." कोंबड्यांचं होतं तसं, बऱ्याचदा. दहा किलोच्या नराखाली कोंबडी सापडली तर गप्प व्हायला ती उरत नाही. दुसऱ्याने चोच कापायला सांगितलं. जागा कमी पडते म्हणून पक्ष्याची चोच कापायची, हे मला पटत नाही.

घाबरू मात्र नका. थोडी झटापट रोजची असते. मानेला मान लावून रेटारेटी करतात आणि सुटतात. रक्त आलं तरच धावा.

भांडणापेक्षा वाईट गोष्ट मला उशिरा कळली. ठणठणीत दिसणाऱ्या कोंबडीच्या पोटातल्या कृमींच्या अंड्यांतून टर्कीला ब्लॅकहेड हा आतड्याचा आणि यकृताचा जीवघेणा रोग होतो. ती अंडी गांडुळांतही असतात, आणि ओलसर कुळागरात गांडुळं कुठे नाहीत? गंधकासारखी पिवळी विष्ठा दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्याला गाठा. एवढं कळल्यावर मी टर्कीसाठी वेगळं खुराडं बांधलं, कोंबड्या पूर्वी जिथे चरायच्या त्या जागेपासून लांब. एकडोळ्या नर नाताळाला विकला नाही. तो त्याच खुराड्यात आहे, पण अजून दाण्याच्या वेळी भिंतीला पाठ लावूनच खातो.