माउंट नसलेल्या फोल्डरमध्ये चुकून लिहिलं जाऊ नये म्हणून

लिनक्स क्लस्टरची (एकत्र काम करणाऱ्या संगणकांच्या गटाची) सामायिक फाइल सिस्टीम एखाद्या नोडवर (गटातल्या एका संगणकावर) माउंट झालीच नाही, म्हणजे ठरलेल्या फोल्डरला जोडली गेलीच नाही, तरी रिकामं फोल्डर जागेवर असतंच. रात्रीची स्क्रिप्ट बिनदिक्कत त्यात लिहीत बसते आणि लोकल डिस्क भरते. नंतर माउंट केलं की त्या फाइली खाली झाकल्या जातात. डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी कमांड) डिस्क भरलेली दाखवतं, डीयूला (कुठल्या फोल्डरने किती जागा घेतली ते मोजणाऱ्या कमांडला) मात्र काही सापडत नाही. यात माझी अख्खी सकाळ गेली आहे.

उपाय एका कमांडचा:

१. आधी यूमाउंट करा, म्हणजे जोडलेली फाइल सिस्टीम काढा. फोल्डर खरंच रिकामं आहे ना, ते एलएस डॅश एलए देऊन बघा. जुन्या फाइली सापडल्या तर त्या आत्ताच हलवा.

२. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून त्या फोल्डरवर 'सीएचएटीटीआर' कमांड अधिक-आय देऊन चालवा. यामुळे फोल्डरवर 'बदलता येणार नाही' अशी खूण बसते. लोकल डिस्कची फाइल सिस्टीम ईएक्सटी४ असो वा एक्सएफएस, दोन्हींवर चालतं.

३. टच कमांडने त्या फोल्डरमध्ये एक फाइल बनवून बघा. रूटलासुद्धा 'ऑपरेशन नॉट परमिटेड' यायला हवं.

४. आता नेहमीसारखं माउंट करा. माउंटला या खुणेची काही अडचण येत नाही, माउंट केलेल्या फाइल सिस्टीमवरचं लिहिणं-वाचणं सुरळीत चालतं.

हे प्रत्येक नोडवर वेगळं करावं लागतं.

एक सांभाळा: दुसरी पायरी माउंट असताना कधीही करू नका. सामायिक फाइल सिस्टीम जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ (क्लस्टरसाठीच्या फाइल सिस्टीम) असेल तर खूण थेट तिच्या सगळ्यात वरच्या फोल्डरवर बसेल आणि तिथे कुठल्याच नोडला नवी फाइल बनवता येणार नाही. तसं झालंच तर तीच कमांड वजा-आय देऊन चालवा.