उजळणी पुस्तक मिटून करावी

सोलापुरातील चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून शेकडो मुले रोज शाळेला जातात. डिसेंबरच्या अखेरीस दहावीच्या वर्गात उजळणीचा विषय काढण्यापूर्वी मी दरवर्षी एक लहानशी चाचणी घेतो: वहीचे कोरे पान काढावे आणि त्या चौघांची नावे लिहावीत. पुतळे कोठे आहेत हे सर्वांना ठाऊक असते आणि नावे सांगितल्यावर ‘हो, हेच ते’ असेही सगळे म्हणतात. परंतु मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन ही चारही नावे स्वतःहून कागदावर उतरवणारी मुले फार थोडी निघतात, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली हे तारखेसह लिहिणारे तर एखाददुसरेच. नजरेखालून अनेकदा गेलेली गोष्ट ओळखीची होते, पण ओळखीची झाली म्हणजे ती हवी तेव्हा आठवते असे नाही. बहुपर्यायी प्रश्न सोडले तर बोर्डाची प्रश्नपत्रिका आठवणच विचारते, आणि आपली बहुतेक मुले उजळणी मात्र ओळख वाढवण्याची करतात.

ही ओळख वाढवणारी उजळणी कशी असते, ते प्रत्येक घरात दिसते. धडा पहिल्यांदा वाचताना पिवळ्या पेनाने ओळी रंगवल्या जातात, दुसऱ्यांदा वाचताना गुलाबी पेनाने, आणि तिसऱ्या वाचनाला सगळे पानच रंगीत झालेले असते. तिसऱ्या वेळी वाचन सरसर होते, कोठे अडत नाही, आणि त्या सहजपणामुळे ‘हा धडा झाला’ अशी मुलाची प्रामाणिक समजूत होते. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमकी हीच समजूत तपासून पाहिली. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून, उतारा बाजूला ठेवून, आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. परीक्षेच्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकापाशी धडा वाचणाऱ्याला तो का आठवतो आणि महिन्याभरापूर्वी तीनदा वाचलेला का आठवत नाही, याचे उत्तर यात आहे.

म्हणून माझ्या मते उजळणीचे मुख्य काम पुस्तक मिटल्यावर सुरू होते. धडा एकदा नीट, समजून वाचावा. त्यानंतर पुस्तक दप्तरात ठेवावे (समोर ठेवले की हात जातोच), पाठकोरा कागद घ्यावा, वर धड्याचे नाव लिहावे आणि वीस मिनिटे आठवेल ते सर्व लिहावे: व्याख्या, आकृती, सूत्र, उदाहरण, अगदी अर्धवट आठवणारे वाक्यसुद्धा. वाक्ये सुंदर असण्याची गरज नाही. वेळ संपली की पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेले भरावे आणि चुकलेले दुरुस्त करावे. उजळणीतला खरा ऐवज म्हणजे हे लाल लिखाण, कारण पुढच्या वेळी नेमके काय पाहायचे ते त्यातून कळते.

एका विद्यार्थिनीचा असा कागद माझ्यासमोर आहे. धडा ‘प्रकाशाचे अपवर्तन’. तिने पाण्यातील वाकडी दिसणारी पेन्सिल काढली होती, अपवर्तनाची व्याख्या बरोबर लिहिली होती, आणि नियमांच्या जागी ‘आपतन कोन व अपवर्तन कोन यांच्या साइनचे गुणोत्तर स्थिर असते’ एवढेच होते. लाल पेनाने तपासताना तिला तीन गोष्टी सापडल्या. पहिला नियम, म्हणजे आपाती किरण आणि अपवर्तित किरण आपतन बिंदूपाशी काढलेल्या स्तंभिकेच्या विरुद्ध बाजूंस असतात व तिन्ही एकाच प्रतलात असतात, हा पूर्ण राहिला होता. दुसऱ्या नियमात ‘दिलेल्या माध्यमांच्या जोडीसाठी’ हे शब्द गळले होते. आणि तारे का लुकलुकतात याचे कारण तिने वातावरणाच्या ‘हलण्या’वर ढकलून दिले होते, हवेच्या बदलत्या अपवर्तनांकाचे नाव कोठेच नव्हते. धडा तिला ‘येत होता’. या तीन जागा मात्र तिला कागदाशिवाय कधीच दिसल्या नसत्या, कारण वाचताना त्या ओळी डोळ्यांसमोर असतात आणि आपल्याला त्या ठाऊकच होत्या असे वाटत राहते. चार दिवसांनी तिने त्याच धड्याचा दुसरा कागद लिहिला, तेव्हा लाल शाई दोन ओळींपुरती उरली होती.

चार दिवसांचे अंतर मुद्दाम ठेवलेले होते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवले की पाठ केलेल्या गोष्टी सुरुवातीला झपाट्याने विसरल्या जातात आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो; तेच पाठांतर पुन्हा करायला पहिल्यापेक्षा कमी श्रम पडतात, हेही त्याच्याच नोंदींतून दिसते. यावरून व्यवहारात घ्यायचे ते असे की एका धड्याला एकाच दिवशी तीन तास देण्याऐवजी तेच तीन तास चार-पाच दिवसांत वाटून द्यावेत आणि त्या दिवसांमधले अंतर वाढवत न्यावे. सोमवारी वाचलेल्या धड्याचा कोरा कागद मंगळवारी लिहावा, दुसरा शनिवारी, तिसरा पुढच्या आठवड्याच्या शेवटी आणि चौथा त्यानंतर तीन आठवड्यांनी. हे आकडे पंचांगासारखे काटेकोर पाळण्याची गरज नाही. एखादा दिवस मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही. मधल्या दिवसांत थोडे विसरले जाते आणि आठवायला कष्ट पडतात, याचीच अनेक मुलांना भीती वाटते. वास्तविक त्या कष्टानेच आठवण पक्की होते. जे सहज आठवते त्याची त्या दिवशी उजळणी करून फारसे हाती लागत नाही.

वेळापत्रक परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत करावे. बोर्डाचे वेळापत्रक हाती आले की प्रत्येक पेपरच्या आदल्या दिवशी काय करायचे ते प्रथम लिहावे, मग त्याच्या आदल्या आठवड्याचे, असे जानेवारीपर्यंत यावे. सोलापूरच्या मुलांना येथे एक खास अडचण येते: संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा असते, होम मैदानावर गड्डा म्हणजे यात्रेचा बाजार भरतो, घरी पाहुणे येतात, आणि शाळांच्या सराव परीक्षाही बहुधा त्याच दिवसांच्या आगेमागे येतात. नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा सोडून घरी बसलेला मुलगा अभ्यास करतो, यावर माझा विश्वास नाही. त्या दोन-तीन दिवसांसमोर वेळापत्रकातच ‘सुट्टी’ असे लिहावे आणि त्यांचे काम आधीच्या आठवड्यात बसवावे. ज्या वेळापत्रकात सण नसतो ते पहिल्या सणाला मोडते, आणि एकदा मोडलेले वेळापत्रक मुले पुन्हा हाती घेत नाहीत.

गणिताची उजळणी वेगळी करावी लागते. पुस्तकातील सरावसंच सोडवताना कोणते सूत्र लागणार हे प्रकरणाच्या नावावरूनच कळलेले असते. प्रश्नपत्रिकेत ती सोय नसते. म्हणून जानेवारीनंतर एका बैठकीत एकाच प्रकरणाची दहा उदाहरणे सोडवू नयेत, तर वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता आणि सांख्यिकी यांतील दोन-तीन उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून, त्या मिसळून, निघेल ती सोडवावी. सरमिसळीत वेग कमी होतो आणि चुका वाढतात, म्हणून मुले आठवड्यात कंटाळून जुन्या पद्धतीकडे वळतात. पालकांनी तेथे थोडा धीर द्यावा.

चुकांसाठी स्वतंत्र वही असावी आणि तिच्यात चूक कशामुळे झाली हे एका वाक्यात लिहावे. ‘चुकले’ किंवा ‘घाई झाली’ हे कारण लिहू नये, त्यातून काहीच कळत नाही. समजा उदाहरण असे आहे: एका विणकराने पहिल्या महिन्यात ५० रुपये बाजूला टाकले आणि पुढे दरमहा १० रुपये वाढवत नेले, तर वर्षभरात एकूण किती रक्कम जमली? एका मुलाने उत्तर १६० रुपये लिहिले. त्याचा गुणाकार, बेरीज, सूत्र सगळे बिनचूक होते; फक्त त्याने बाराव्या महिन्यात टाकलेली रक्कम काढली होती, आणि विचारली होती बारा महिन्यांची बेरीज, म्हणजे १,२६० रुपये. त्याच्या वहीत ‘पद आणि बेरीज यांत गल्लत, “एकूण” या शब्दाखाली रेघ मारायची’ असे लिहिले गेले. पुढच्या महिन्याभरात हीच चूक आणखी दोनदा त्या वहीत आली आणि नंतर आली नाही. दहा नवी उदाहरणे सोडवण्यापेक्षा अशी एक वही जास्त गुण मिळवून देते, असे माझे अनुभवाचे मत आहे.

भूगोलात पाठ्यपुस्तकाने भारत आणि ब्राझील यांची तुलना मांडलेली आहे, तिचा फायदा घ्यावा. दोन्ही देशांचे कोरे आराखडे एकाच कागदावर शेजारी काढावेत आणि पुस्तक न पाहता भरावेत: भारताच्या मध्यातून जाणारे कर्कवृत्त, ब्राझीलच्या उत्तर भागातील विषुववृत्त आणि दक्षिण भागातील मकरवृत्त, ॲमेझॉन, आपले दोन्ही किनारे आणि ब्राझीलचा फक्त पूर्वेकडचा व ईशान्येकडचा किनारा. आराखडा भरता आला की हवामान आणि वस्तीविषयीच्या ‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नांची अर्धी उत्तरे नकाशावरच सापडतात. इतिहासासाठी हीच पद्धत कालरेषेवर वापरावी. भाषांच्या कृतिपत्रिकांत पाठांतराला जागा थोडी आहे. तेथे दर दोन दिवसांनी एक पत्र, बातमी किंवा निबंध हाताने पूर्ण लिहिणे हाच सराव, त्याला आडवाट नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातील अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, काही घरांत कन्नड, आणि शाळा मराठी माध्यमाची असते. पालक याला उणीव समजतात. मी अशा मुलांना सांगतो की संध्याकाळी अम्मा विड्या वळत किंवा टॉवेलच्या घड्या घालत बसलेली असताना तिला आजचा धडा घरच्या भाषेत सांगावा. मराठीतील पाठ केलेले वाक्य तेथे उपयोगी पडत नाही, अर्थ कळलेला असेल तरच तो दुसऱ्या भाषेत सांगता येतो, आणि ‘म्हणजे काय?’ असे तिने विचारले की कच्ची जागा तत्काळ उघडी पडते. ज्यांच्या घरी मराठीच आहे त्यांनी धाकट्या भावंडाला सांगावे. मोबाइलवरील शिकवणीचे व्हिडिओ पाहण्याला मात्र मी उजळणी म्हणत नाही. न समजलेला भाग समजून घ्यायला ते चांगले आहेत, पण दुसऱ्याने सोडवलेले उदाहरण पाहताना पुन्हा तीच फसवी ओळख तयार होते.

शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत दर रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, एकाच बैठकीत, बोर्डाच्याच वेळेत सोडवावी. हिशेब साधा आहे. गणित, विज्ञान, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल यांच्या ४० गुणांच्या प्रत्येक पेपरला दोन तास असतात, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. ८० गुणांच्या भाषेच्या पेपरला तीन तास, म्हणजे सव्वादोन मिनिटे. भाषेच्या पेपरात शेवटचा निबंध अर्धवट सुटतो तो बहुधा यामुळे. २०२३ पासून बोर्डाने निर्धारित वेळेच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली आहेत, ती मात्र सरावाच्या हिशेबात धरू नयेत. प्रश्नांचे क्रमांक बरोबर घातले का, आकृतींना नावे दिली का, हे पाहायला ती राखून ठेवावीत. लिहून झालेली उत्तरपत्रिका त्याच दिवशी तपासू नये. दुसऱ्या दिवशी ती परक्याची वाटते आणि गुण देताना हात आपोआप आखडतो, तो आखडलेलाच बरा.

जागेचा आणि उन्हाचा प्रश्न खरा आहे. खालच्या मजल्यावर यंत्रमागाची खटखट आणि वर एकच खोली, अशा घरात दुपारी तीन वाजता आठवून लिहिण्याचे काम होत नाही, आणि फेब्रुवारी सरता सरता पत्र्याच्या खोल्या तापू लागतात. डोके लागणारे काम, म्हणजे कोरा कागद आणि गणित, पहाटे पाच ते साडेसात या वेळेत उरकावे. दुपारी वाचनालयाची किंवा शाळेची अभ्यासिका मिळाल्यास तेथे बसावे, नाहीतर आकृत्या गिरवणे, चुकांची वही चाळणे अशी हलकी कामे करावीत. पहाटे उठायचे तर रात्री दहाला निजले पाहिजे. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, त्यामुळे जागरणाने मिळवलेले दोन तास दुसऱ्या दिवशी व्याजासकट परत जातात.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी नवे काहीही उघडू नये. त्या विषयाचे जुने कागद काढावेत, फक्त लाल शाईतला मजकूर वाचावा, चुकांच्या वहीची त्या विषयाची पाने पाहावीत, प्रवेशपत्र, दोन पेने आणि कंपासपेटी दप्तरात भरून ते दाराजवळ ठेवावे आणि जेवून वेळेवर झोपावे.