माऊला मासा दिला, पण पाण्याचं काय? मांजरवाल्यांनो, या चुका टाळा

मांजर असलेल्या घरांत दोन गोष्टी अगदी पक्क्या धरलेल्या असतात. एक म्हणजे मांजराला पाणी चालत नाही आणि दुसरी म्हणजे मासा घातला की त्याच्या जेवणाचं टेन्शन संपलं. दोन्ही अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच घोटाळा होतो. मांजराला भिजायला आवडत नाही हे बरोबर, पण पोटात पाणी जायलाच हवं आणि मांजर ते स्वतःहून पुरेसं पीत नाही, तिथून आजार सुरू होतात. आणि मासा जीव की प्राण असला तरी नुसत्या मासळीवर मांजर वाढवणं म्हणजे हळूहळू दुखणं ओढवून घेणं. कोकणात, गोव्यात, मुंबईत, जिथे जिथे आठवड्यातून चारदा मासे येतात त्या घरांत या चुका सर्रास दिसतात.

"वाटी भरलेलीच असते की"

वाटी भरलेली असते कारण मांजर पीतच नाही! आपल्या घरातल्या मांजराचे पूर्वज मध्यपूर्वेतल्या कोरड्या भागातली रानटी मांजरं, त्यांना जवळपास कुठे पाणी मिळेल याची गॅरंटी नसायची, मग उंदीर-पक्षी मारायचे आणि शिकारीच्या अंगातल्या पाण्यावरच भागवायचं. मूत्रपिंडंही तशीच तयार झाली, लघवी एकदम घट्ट करून पाणी वाचवणारी. त्यामुळे तहान लागते ती उशिरा. आता हिशोब करा, चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं, खाण्यातलं आणि पिण्यातलं मिळून. ड्राय फूडमध्ये पाणी असतं जेमतेम दहा टक्के. म्हणजे रोज नुसते ते दाणे खाणाऱ्या मांजराला जवळजवळ सगळंच पाणी पिऊन भरून काढायला हवं, आणि बहुतेक मांजरं तेवढं पीत नाहीत.

१९५९ साली अमेरिकेत शरीरशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, मांजरांना प्यायला पाणीच द्यायचं नाही, फक्त मासा किंवा मांस. मांजरं टिकली, कारण मासळीत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पण तेच अन्न थोडं सुकवून दिलं तर मांजरांना पाणी कमी पडायला लागलं. (घरी करून बघू नका, पाण्याची वाटी हवीच.) मुद्दा असा की मासा *कसा* दिला यावर पाण्याचं गणित फिरतं, उकडून त्याच्या पाण्यासकट दिला तर फायदा, तव्यावर कडक फ्राय केला तर पाणी उडालं, आणि सुकट, जवळा, खारवलेला बांगडा वगैरे दिलं तर पाणी नाहीच, शिवाय खारवलेल्यात वर मीठ. "आमच्या बोक्याला सुके बोंबील लय आवडतात" असं कौतुकाने सांगणारे लोक असतात, आणि त्याच बोक्याला दिवसभर ड्राय फूड चालू असतं. अहो, म्हणजे सगळंच कोरडं.

मग करायचं काय? आधी वाटी बघा. आतल्या बाजूने बोट फिरवा, बुळबुळीत लागलं तर ती दोन-तीन दिवस घासलेली नाही, नुसतं वरून पाणी ओतलं जातंय. मांजराला तो वास येतो. रोज घासायची, आणि प्लॅस्टिकची असेल तर बदला, स्टील, काच किंवा चिनीमातीची घ्या, पसरट. एकच वाटी कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी ठेवा, लिटरच्या, म्हणजे शी-शूच्या वाळूच्या डब्यापासून लांब, कारण संडासाशेजारी बसून आपणही पाणी पिणार नाही. काही मांजरं वाहत्या पाण्यावर फिदा असतात, नळ सोडला की धावत येतात किंवा माठाच्या नळाखाली ठिबकणारे थेंब चाटत बसतात, अशांना पाणी सतत वाहतं ठेवणारा फाउंटन आणून बघायला हरकत नाही, पण प्रत्येक मांजर त्यावर भुलतंच असं नाही, म्हणून महागडा घेण्याआधी नळाची बारीक धार सोडून बघा.

मांजर पाणी पितं ते बघण्यासारखं असतं. जीभ वाटीत बुडवत नाही, जिभेचं टोक मागे वळवून पाण्याला फक्त टेकवतं आणि झटकन वर ओढतं, त्याबरोबर पाण्याची बारीक धार वर उचलली जाते आणि ती खाली पडायच्या आत तोंड मिटतं, सेकंदाला साधारण चार वेळा. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने हे टिपलं तेव्हा कुठे नीट कळलं. एका वेळी पोटात जाणारं पाणी अगदीच थोडं. म्हणून खरा उपाय वाटीत नाही, जेवणात आहे. ओलं फूड द्या, नाहीतर ड्राय फूडवर कोमट पाणी घाला, नाहीतर मासा किंवा चिकन उकडलेलं पाणी, बिनमिठाचं. फक्त भिजवलेलं फूड आपल्या दमट हवेत तासन् तास उघडं ठेवू नका, अर्ध्या-पाऊण तासात खाल्लं नाही तर उचला.

बोका सारखा लिटरमध्ये जातोय आणि तुम्ही म्हणताय बद्धकोष्ठ झालं

हे नीट वाचा. बोक्याचा लघवीचा मार्ग खूप अरुंद असतो, लघवी घट्ट झाली की त्यात खडे किंवा चिकट बूच तयार होऊन मार्ग बंद पडू शकतो. मग बोका पुन्हा पुन्हा लिटरमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, खालची जागा सारखी चाटतो, आणि वाळू मात्र कोरडीच. घरच्यांना वाटतं पोट साफ होत नाहीये, मग कोणी एरंडेल पाजतं, कोणी दूध पाजतं आणि दिवस जातो. लघवी पूर्ण अडकली असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, त्यामुळे सकाळी बघू वगैरे नाही, रात्री असेल तर रात्री व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर गाठायचा. कुंथत असेल तर आधी वाळूत ओले गोळे होतायत का ते तपासा, हा सगळ्यात सोपा फरक आहे.

याच्या उलटंही लक्षात ठेवा. कधी फार पाणी न पिणारी म्हातारी मनी अचानक वाटीच्या वाटी संपवायला लागली, तर "बरं झालं, पाणी प्यायला लागली" म्हणून खूश होऊ नका. मूत्रपिंडं थकली, साखर झाली किंवा थायरॉइड वाढलं की मांजरं अशी पाणी प्यायला लागतात. मोजून पाणी ठेवा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा आणि तो आकडा घेऊन डॉक्टरकडे जा.

रोज मासा, आणि तोही भातात कालवून

आता माशाकडे. मांजरांना मासा एवढा का आवडतो याचं एक उत्तर २०२३ मध्ये मिळालं, मांजराला गोड चव लागत नाही पण मांसाची जी रसदार चव असते तिची पारख मांजराच्या जिभेला भारी, आणि ती चव ज्या घटकांमुळे जास्तीत जास्त लागते ते टूनामध्ये म्हणजे आपल्या कुप्यात भरपूर असतात. हे वेड जुनंही आहे, इजिप्तमध्ये नख्त नावाच्या माणसाच्या थडग्यात सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचं चित्र आहे त्यात खुर्चीखाली बसलेलं मांजर मासा खातंय. पण आवडणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. माशाच्या रश्शात कालवलेला भात हे आपल्याकडचं ठरलेलं मांजराचं जेवण, त्यात भात तीन हिस्से आणि मासा नावाला. मांजर पक्कं मांसाहारी, भाताने पोट फुगतं, पोषण होत नाही. नुसता माशाचा गर दिला तरी कॅल्शियम कमी पडतं. आणि टॉरिन म्हणून एक घटक असतो जो मांजराचं शरीर स्वतः पुरेसा बनवू शकत नाही, तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही बिघडतात. यातलं हृदयाचं प्रकरण १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात उघडकीस आलं, तेव्हा विकतच्या कॅट फूडवर वाढलेल्या मांजरांची हृदयं फुगत होती, त्यानंतर फूडमध्ये टॉरिन वाढवलं गेलं. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणजे मासा उकडून पाणी मोरीत ओतलं तर तेही गेलं. ते पाणी फेकायचं नाही, हे परत सांगतोय.

कच्चा मासा हा आणखी एक घोळ. कोळीणमावशी मासे साफ करताना डोकी, शेपट्या फेकतात आणि मांजरं तुटून पडतात, ते बघून लोक घरीही कच्चंच देतात. तारलीच्या कुळातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते ब-१ जीवनसत्त्वाची वाट लावतं. कधीमधी एखादा तुकडा खाल्ला तर काही होत नाही, रोज कच्चंच मिळालं तर मांजर आधी खाणं सोडतं, मग चालताना झोकांड्या जातात, मान छातीकडे वाकते, बाहुल्या मोठ्या होतात, फिट येतात. शिजवलं की एन्झाइम मरतं, एवढा सोपा इलाज आहे. रोज फक्त तेलकट मासा दिला तर ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातल्या चरबीला सूज येते, मांजराला हात लावला तरी दुखतं, तो वेगळाच ताप.

आणि "खराब झालाय, माणसांना नको, मांजराला घाला" हे बंद करा. बांगडा, कुपा असले मासे उन्हात पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते उकळूनसुद्धा जात नाही.

द्यायचा कसा ते सांगतो. बांगड्याचा किंवा रावसाचा तुकडा, मीठ-हळद-मसाला काही नाही, थोड्या पाण्यात उकडायचा. गार झाला की गर बोटांच्या चिमटीत धरून थोडा थोडा चुरायचा, डोळ्यांनी बघून नाही, बोटांना टोचलं की काटा कळतो. मांदेलीसारखे बारीक काट्यांचे मासे असतील तर सरळ नको म्हणा. आमटी-कालवण तर नाहीच, कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, आणि आपलं कुठलं कालवण बिनलसणाचं असतं सांगा. चार किलोच्या मांजराला असा मासा २० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन-तीन घास, आठवड्यातून एक-दोनदा. बाकीचं जेवण 'कंप्लीट' असं लिहिलेलं कॅट फूड, नाहीतर घरचंच द्यायचं असेल तर व्हेटकडून सप्लिमेंट लिहून घ्या.

मासा दिल्यापासून मांजर मान-तोंड खाजवून सोलून काढत असेल तर मासाच बंद करून बघा, मांजरांच्या ॲलर्जीत बीफ आणि चिकनबरोबर माशाचं नाव असतंच.

मोठ्या समुद्री माशांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जपानमधल्या मिनामाता शहरात १९५० च्या दशकात मांजरं वेडीवाकडी नाचायला लागली, झटके येऊन मरायला लागली, खाडीतले मासे खाऊन. माणसांचा आजार अधिकृतपणे १९५६ मध्ये नोंदला गेला. तिथल्या चिसो कंपनीच्या रसायन कारखान्याच्याच हॉस्पिटलमधले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचं सांडपाणी मांजराच्या खाण्यात घातलं आणि प्रयोगातल्या चारशे नंबरच्या मांजराला तीच लक्षणं आली, कंपनीने ते दाबून ठेवलं. कारण होतं पारा. आपल्या कुप्यात एवढा पारा नसतो, पण मोठ्या शिकारी माशांत तो साठत जातो हे खरं, म्हणून टूनाचा डबा रोज उघडू नका.

श्रावण आला की मांजर उपाशी

ही खास आपल्याकडची अडचण. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी, मासे महाग, पुढे श्रावण, गणपती, घरात मासळी बंद. वर्षभर मासाच खाल्लेलं मांजर दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही, आणि लोक म्हणतात भूक लागली की खाईल. मांजराच्या बाबतीत हे चालत नाही, त्यातून ते जाडजूड असेल तर दोन-तीन दिवसांच्या उपासातही लिव्हरवर चरबी चढून गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून बदल मे महिन्यातच सुरू करा. नव्या फूडमध्ये आधी निम्मा मासा, मग कमी कमी करत आठ-दहा दिवसांत नुसतं माशाचं पाणी, मग तेही थोडंच. फूड किंचित कोमट करा, वास सुटला की ओढ लागते.

आंघोळ, फवारा आणि बादली

निरोगी मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतं, दर रविवारी आंघोळीची गरज नाही. तेल-ग्रीस लागलं, जुलाब होऊन मागची बाजू भरली किंवा व्हेटने सांगितलं तरच. केस एकदा चिंब झाले की जड होतात, लवकर वाळत नाहीत आणि अंग गार पडतं, म्हणून ते घाबरतं. टबात खाली टॉवेल टाका, पाय घसरला नाही की अर्धा गोंधळ कमी, पाणी कोमट, मानेपासून मागे भिजवायचं, डोक्यावर ओतायचं नाही, तोंड ओल्या फडक्याने. लहान पिल्लांना आंघोळ नकोच, फडक्याने पुसा.

पाण्यात डेटॉल टाकायची सवय मोडा, मांजर ते अंगावरून चाटून पोटात घेतं आणि त्यातला घटक त्याला विषारी असतो, फिनेलचंही तेच. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला लावलं तर थरथर आणि फिट येऊन जीव जाऊ शकतो, थोडंसं लावलं तर काय होतंय असं दुकानदाराने सांगितलं तरी नाही.

ओट्यावर चढलं की पाण्याचा स्प्रे मारणं हीसुद्धा चूक. मांजर ओटा सोडत नाही, तुम्ही नसताना चढतं, आणि तुमचा हात दिसला की पळायला शिकतं. मासे साफ करताना ते चढणारच, तेवढ्या वेळापुरतं दुसऱ्या खोलीत ठेवा आणि डोकी-शेपट्यांची पिशवी लगेच बाहेर टाका. त्या पिशवीतला दोरा किंवा गळाची तंगूस गिळलेली असेल आणि टोक तोंडातून बाहेर दिसत असेल तर ओढू नका, आतडं कापलं जाऊ शकतं, तसंच घेऊन व्हेटकडे जा.

घरात पिल्लं असतील तर मोरीतली बादली अर्धी भरून उघडी ठेवायची नाही, वाकून बघताना आत पडतात आणि गुळगुळीत कडेवरून वर येता येत नाही. फिश टँक असेल तर झाकण जड घ्या आणि हीटरची वायर मागून बांधून टाका, मांजर मासे पकडेल का ही काळजी नंतरची, आधी ते काच पाडेल किंवा वायर कुरतडेल.