शेळ्यांसाठी कोकणातला झाडपाला: काय, किती, कसा

तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण तीन ते चार किलो ओला पाला लागतो, तोही एकाच झाडाचा नको. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, बोर, करवंद, आपटा सहज मिळतो. घराजवळ फणस आणि बांधावरचा गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया). फणसाचा पाला शेळ्या आवडीने खातात. गिरिपुष्पात प्रथिने भरपूर, पण वासामुळे नवी शेळी तोंड फिरवते. फांद्या आदल्या संध्याकाळी तोडून रात्रभर सुकू द्या, मग दुसऱ्या पाल्यात थोड्या मिसळून सुरुवात करा.

सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकामुळे केस गळतात. बाभळीचा, बोरीचा पाला तुरट असतो. त्यातले टॅनिन प्रथिने बांधून ठेवते, म्हणून नुसत्या त्यावर शेळी पोसत नाही.

घाणेरी मात्र तोडून काढाच. ती यकृत बिघडवते: शेळी चारा सोडते, डोळे पिवळे पडतात, उन्हात कातडी सोलते. अशी शेळी लगेच सावलीत बांधा, डॉक्टरांना बोलवा.

पावसाळ्यात भिजलेला कोवळा पाला उपाशीपोटी दिला की हगवण लागते. आधी मूठभर सुका पेंढा, मग निथळलेला पाला. फांद्यांच्या जुड्या शेळीच्या तोंडाच्या उंचीवर टांगा. जमिनीवर टाकलेला पाला तुडवला जातो, मग ती हुंगूनही बघत नाही.